वीस लाख चिठ्ठ्यांचा मास्तर

मंडळी, नमस्कार. सुरुवात एका कोड्याने करतो. कोडं जर्मनीच्या उत्तर भागातलं आहे, आधी मुळातले शब्द ऐका : "उप इलो गाह इक, उप इलो स्टाह इक." म्हणजे, इलोवर मी चालते, इलोवर मी उभी राहते, इलो मोठा देखणा, ओळखा बघू हे काय? उत्तर आत्ता सांगत नाही. तासाभरात कुणाला सुचलं तर मनात ठेवा. एवढंच सांगतो की हे कोडं घालणाऱ्या बाईचा जीव त्यावर टांगलेला आहे.

हे कोडं गावोगाव हिंडून ज्यांनी टिपून ठेवलं, त्या रिखार्ड वोसिडलो यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. त्यांचा जन्म २६ जानेवारी १८५९ चा आणि मृत्यू ४ मे १९३९ चा. व्यवसायाने ते शाळामास्तर होते. ग्रीक आणि लॅटिन शिकवायचे. वारेन नावाच्या एका लहान गावात १८८६ साली नोकरीला लागले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. हे वारेन म्युरित्स नावाच्या तळ्याकाठी आहे. संपूर्ण जर्मनीच्या हद्दीत असलेलं सगळ्यात मोठं तळं हेच. या गावातल्या या मास्तरांनी जाताना मागे जवळजवळ वीस लाख चिठ्ठ्या ठेवल्या. कागदाच्या लहान लहान चिठ्ठ्या, आणि त्यांवर लोकांचं बोलणं. रोज शंभर चिठ्ठ्या, वर्षाचे सगळे दिवस, एकही खाडा नाही, असं पंचावन्न वर्षं केलं तर वीस लाखाचा आकडा गाठता येतो. सगळ्या त्यांनी एकट्याने लिहिलेल्या नाहीत. शेकडो शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी पाठवलेलं त्यात आहे, जुन्या पुस्तकांतून उतरवून घेतलेलंही आहे. तरी प्रत्येक चिठ्ठी त्यांच्या हाताखालून गेलेली आहे.

मला या आकड्यापेक्षा जास्त ओढ वाटते ती एका साध्या गोष्टीची. ज्या माणसांकडून हे सगळं मिळालं, ती माणसं पहिल्या भेटीत काय म्हणाली असतील? "मला काही येत नाही हो." लोकगीतं, म्हणी, कहाण्या गोळा करायला जो जो कुणी बाहेर पडला, त्याला हे वाक्य ऐकावं लागलं आहे. मीही ऐकलं आहे. त्याकडे मागाहून येतो. वोसिडलोंचं सगळं आयुष्य म्हणजे या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे, असं मी मानतो.

आधी तो मुलूख डोळ्यांसमोर आणू. मेक्लेनबुर्ग. वर बाल्टिक समुद्र, खाली सपाट जमीन, तळीच तळी, राईची शेतं, बटाटा, लाल विटांची उंच चर्चं. जुन्या शेतकऱ्याचं घर म्हणजे गवती छपराखालचा एक मोठा दालनवजा वाडा. मधल्या जागेत मळणी, दोन्ही अंगांना गुरं, टोकाला चूल आणि माणसं. आपल्याकडे ज्यांनी गोठ्याला लागून असलेल्या ओटीवर रात्री काढल्या आहेत, त्यांना त्या घराचा वास सांगायला नको.

पण बहुतेकांकडे असं घरही नव्हतं. मेक्लेनबुर्ग हा जमीनदारांचा मुलूख. वेठीची प्रथा, म्हणजे माणूस जमिनीला बांधलेला असण्याची प्रथा, तिथे कायद्याने उठली ती १८२० साली. पश्चिम युरोपात पाहिलं तर फार उशिरा. आणि उठली म्हणजे तरी काय झालं? माणूस मोकळा झाला, पण जमीन मालकाचीच राहिली आणि गावात राहू द्यायचं की नाही हेही मालकाच्याच हातात राहिलं. राहायची परवानगी नाही तर लग्नही नाही. शेतमजुराच्या पोराने लग्न करायचं म्हटलं तर मालकाने झोपडं द्यायला हवं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या लहानशा मुलखातली माणसं लोंढ्याने अमेरिकेला गेली. वोसिडलो जेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जाऊन बसू लागले, तेव्हा त्यांच्यासमोरच्या माणसांचे आईबाप वेठीत जन्मलेले होते. असा माणूस कोट घातलेल्या मास्तरासमोर तोंड उघडेल का? त्याचं "मला काही येत नाही" हे अज्ञान नव्हतं. मालकासमोर, पाद्र्यासमोर, सरकारी माणसासमोर तोंड बंद ठेवायचं, हे पिढ्यानपिढ्यांचं शहाणपण होतं ते.

त्यात भाषेची भिंत. तिथल्या लोकांची बोली म्हणजे प्लाट. शाळेत, चर्चमध्ये, कचेरीत प्रमाण जर्मन. फरक किती? प्रमाण जर्मनमध्ये पाण्याला 'वासर' म्हणतात, प्लाटमध्ये 'वाटर'. 'मी' म्हणायला तिकडे 'इख', इकडे 'इक'. सफरचंद तिकडे 'आप्फेल', इकडे 'आप्पेल'. वेळेला तिकडे 'त्साइट', इकडे 'टीड'. दक्षिणेकडे व्यंजनं बदलत गेली, ती लाट उत्तरेला पोचलीच नाही. याच भाषेत एके काळी ल्यूबेक, विस्मार, रोस्टॉकच्या व्यापाऱ्यांनी नॉर्वेपासून रशियापर्यंत पत्रं लिहिली, करार केले. सोळाव्या-सतराव्या शतकात तिची लेखणी गेली आणि ती फक्त शेतात, गोठ्यात आणि जहाजाच्या डेकवर उरली. दरबारातून उतरलेली भाषा अडाण्यांची ठरते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात फ्रित्स रॉयटरने याच बोलीत मोठं लेखन करून तिची मान पुन्हा वर केली, पण वर्गात मुलाने प्लाटमध्ये उत्तर दिलं तर ते चूकच धरलं जायचं.

वोसिडलोंचं वेगळेपण इथून सुरू होतं. त्यांचा जन्म जमीनदारीवरचा. टेसिन गावाजवळच्या फ्रीडरिशहोफ नावाच्या वाडीवर ते जन्मले. वडील लवकर गेले. बालपणी समुद्राकडच्या रिबनित्स भागात नातेवाइकांकडे त्यांचं राहणं-जाणं झालं, आणि तिथे गडीमाणसांच्या तोंडची प्लाट कानात बसली. पुढे रोस्टॉक, लाइपत्सिश, बर्लिन इथे जुन्या भाषांचं शिक्षण झालं. ग्रीक व्याकरणातला बारकावा ज्या कानाने ऐकायचा, तोच कान त्यांनी गुराख्याच्या बोलण्याला लावला. सुरुवातीचे त्यांचे लेख प्लाटमधल्या शब्दयोगी अव्ययांवर आहेत. 'वर', 'खाली', 'मागे' हे शब्द शेतकरी नेमके कसे वापरतो, यावर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कहाण्यांची हौस म्हणून ते या कामात आले नाहीत. त्यांना आधी वाक्य ऐकायचं होतं. वाक्याच्या मागे मागे जाताना कहाणी सापडली.

त्यांच्या आधी हे काम कुणी केलं नव्हतं असं नाही. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ चा. मेक्लेनबुर्गपुरतं बोलायचं तर रोस्टॉकला आधी प्राध्यापक राहिलेले कार्ल बार्च यांनी तिथल्या दंतकथा, कहाण्या, चालीरीती यांचे दोन जाड खंड १८७९-८० मध्ये छापले होते. पण बार्चांचं काम मुख्यतः इतरांनी लिहून पाठवलेल्या मजकुरावर उभं होतं. पाद्री, शिक्षक, विद्यार्थी यांनी ऐकलं, आपल्या भाषेत मांडलं आणि पाठवलं. ग्रिम बंधूंनीही बरंचसं ऐकलं ते कासेलच्या सुशिक्षित घरांतल्या मुलींकडून, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ते घासूनपुसून घेतलं. मी त्यांचं मोठेपण कमी करत नाही. पण शेतमजूर स्वतः काय म्हणाला, कोणत्या शब्दांत म्हणाला, कोणत्या गावी म्हणाला, हे त्या पानांत क्वचितच दिसतं.

मेक्लेनबुर्गच्या इतिहास मंडळाने १८९० च्या सुमाराला लोकपरंपरा गोळा करायचं ठरवलं आणि ते काम या तिशीतल्या मास्तरांच्या अंगावर टाकलं. ते ज्या तऱ्हेने कामाला लागले, ती तऱ्हा बघा. आठवडाभर वर्गात लॅटिन. सुट्टी लागली की आगगाडीने एखाद्या स्टेशनावर उतरायचं आणि तिथून पायी. खेड्यामागून खेडं. अनाथाश्रमवजा गरिबांच्या घरांत बसलेली म्हातारी माणसं, मेंढपाळ, विणकर, गवंडी, मोलकरणी, कोळी. वर्तमानपत्रांतून ते वारंवार आवाहनं छापत : अमुक शब्द तुमच्याकडे कसा म्हणतात, तमुक पक्ष्याला काय म्हणतात, कळवा. खेड्यांतले शिक्षक कळवत. पण कळवलेल्यावर ते थांबत नसत. जाऊन स्वतः ऐकत.

१९०६ साली त्यांनी या कामाच्या तंत्रावर एक लेख लिहिला. लोकपरंपरा गोळा कशा कराव्यात, हाच त्याचा विषय. त्यातलं मर्म मी माझ्या शब्दांत सांगतो. थेट विचारू नका. 'तुम्हाला काही जुनी गाणी येतात का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं. त्यांच्या बोलीत बोला. शेजारी बसा. आधी तुमच्याजवळचं काहीतरी द्या. एखादं कोडं घाला, एखादी गोष्ट अर्धी सांगा, शेजारच्या गावात ती कशी सांगतात ते सांगा. समोरच्या माणसाला आठवण ही अशी मागून येत नसते. दुसऱ्याच्या आठवणीला घासली की ठिणगी पडते.

आता माझी हकिगत. पुष्कळ वर्षांपूर्वी मी मुळशीकडच्या एका गावात जात्यावरच्या ओव्या टिपायला गेलो होतो. वही, पेन, टेपरेकॉर्डर, सगळा सरंजाम. एका घरी सत्तरीच्या पुढच्या मावशी होत्या. मी टेप चालू केला आणि म्हणालो, "मावशी, ओवी म्हणा की." त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "मला न्हाई बाबा काई येत." मी दोन-तीनदा विचारलं. त्या उठून आत गेल्या. मी हात हलवत परतलो आणि मनात म्हणालो, या गावात आता काही उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामाने त्याच घरापुढे थांबलो होतो. टेप नव्हता. मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, मीही सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसलो. माझी आई म्हणायची ती ओवी सहज तोंडात आली, "पहिली माझी ओवी गं, पहिला माझा नेम". दुसऱ्या ओळीत मी अडखळलो. मावशींनी खडा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "आमच्यात तसं न्हाई म्हणत." आणि मग त्या सुरू झाल्या त्या सूप रिकामं होईपर्यंत. माझ्याजवळ कागद नव्हता. त्या दिवशीचं फार थोडं मला लिहून ठेवता आलं, आणि पुढल्या खेपेला मी गेलो तेव्हा मावशी नव्हत्या.

वोसिडलोंचा तो लेख मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचला. वाचताना माझे डोळे भरून आले. जे मला एका माणसाच्या जाण्यानंतर कळलं, ते या मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी छापून ठेवलं होतं.

आता चिठ्ठीकडे येऊ. रोस्टॉक विद्यापीठाने त्यांचा सगळा संग्रह आता संगणकावर आणून खुला केला आहे, त्यामुळे घरबसल्या त्या चिठ्ठ्या पाहता येतात. तळहातात मावेल एवढा कागद. बारीक, घाईचं अक्षर, शब्द तोडलेले, खुणेची अक्षरं. एखाद्या चिठ्ठीवर एकच वाक्य. आणि कोपऱ्यात गाव आणि सांगणाऱ्याची ओळख. कागद लहान का? कारण मोठी वही काढली की समोरचा माणूस गप्प होतो. खिशातून निघून खिशात जाणारा कागद बोलण्याच्या आड येत नाही. आणि दुसरं म्हणजे चिठ्ठी हलवता येते. वहीत लिहिलेलं वहीच्या क्रमात अडकून पडतं. चिठ्ठी आज 'लांडगा' या खणात, उद्या त्या गावाच्या खणात, परवा 'मुलांना घाबरवायच्या गोष्टी' या खणात. एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीकडे नेणाऱ्या खुणा त्यांनी करून ठेवल्या. आज संगणकावर आपण शब्द टाकून जे शोधतो, ते त्यांनी लाकडी खणांनी साधलं होतं.

या खणांतून पुस्तकं निघाली. पहिलं १८९७ साली, नुसत्या कोड्यांचं. दुसरं १८९९ साली, लोकांच्या तोंडी असलेल्या प्राण्यांचं. तिसरं १९०६ साली, तान्ह्या मुलांना सांभाळण्याचं आणि वाढवण्याचं. याच वर्षी रोस्टॉक विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. चौथं, मुलांच्या बडबडगीतांचं, आलं थेट १९३१ साली. मध्ये पंचवीस वर्षं. एवढा उशीर का, असं वाटेल. ज्याला दर सुट्टीत नवं काही ऐकायला मिळत होतं, त्याला घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासणं जड जात असणार, असं मला वाटतं.

दुसऱ्या पुस्तकाबद्दल थोडं सांगायलाच हवं. पक्षी काय बोलतो, हे माणसं आपापल्या भाषेत ऐकतात. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे पावशा ओरडतो आणि शेतकऱ्याला ऐकू येतं, "पेरते व्हा, पेरते व्हा!" जर्मन मुलखात कापणीच्या दिवसांत शेतात लावा पक्षी ओरडतो, त्यात लोकांना ऐकू येतं, "ब्यूक डेन र्‍यूक", म्हणजे पाठ वाकव. दोन्हीकडे पक्षी शेतकऱ्याला कामाला लावतो. पण फरक बघा. आपला पावशा पेरायला सांगतो, तो पावसाची वाट बघणाऱ्या माणसाचा पक्षी आहे. तिकडचा लावा पाठ वाकवायला सांगतो, आणि ते ऐकणारा बहुतेकदा दुसऱ्याच्या शेतात विळा चालवणारा मजूर आहे. एक दुष्काळाला भिणारा, एक मुकादमाला. वोसिडलोंनी अशा हाका गोळा करून एका जागी ठेवल्या म्हणून असलं काही आपल्याला दिसतं.

आता कोड्याचं उत्तर. कुणाला सुचलं? ही जी कोडी आहेत, त्यांना तिकडे गळा सोडवणारी कोडी म्हणतात. गोष्ट अशी. एका बाईला देहदंड झालेला आहे. तिला सांगितलं जातं, न्यायाधीशाला सुटणार नाही असं कोडं घाल, नाही सुटलं तर तुझी मान सुटली. तिचा एक कुत्रा होता, त्याचं नाव इलो. तो मेल्यावर त्याच्या कातड्याचे तिने जोडे शिवून घेतले होते. ते जोडे पायांत घालून ती न्यायाधीशासमोर उभी राहते आणि म्हणते, इलोवर चालते, इलोवर उभी राहते, इलो मोठा देखणा. न्यायाधीश हरतो. बाई सुटते.

हे कोडं कुणालाच सुटणार नाही. आपल्यापैकीही कुणाला सुटलं नाही, आणि त्यात आपला दोष नाही, कारण त्याचं उत्तर हुशारीत नाहीच. ते त्या बाईच्या आयुष्यात आहे. न्यायाधीशाकडे कायदा आहे, फाशी आहे, पोथी आहे. तिच्याकडे फक्त तिचा कुत्रा आणि त्याचं नाव आहे, आणि ते न्यायाधीशाला माहीत नाही. वेठीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या मुलखात हे कोडं घरोघर का सांगितलं जात असेल, हे मला या चिठ्ठीने समजावलं. शेकोटीजवळ बसलेल्या मजुराने हे कोडं आपल्या नातवाला घातलं, तेव्हा तो पोराला काय देत होता? वरच्या माणसाला जे ठाऊक नाही असं काहीतरी तुझ्याजवळ आहे, एवढा धीर.

जमीनदारांच्या कहाण्याही संग्रहात भरपूर आहेत. मजुरांना चाबकाने फोडणारा मालक मेल्यावर त्याला थडग्यात विसावा मिळत नाही, तो रात्री बांधांवरून फिरत राहतो. कुणी सैतानाशी करार केलेला असतो. जिवंतपणी ज्याला कोर्टात खेचता येत नाही त्याला लोकांनी कहाणीत शिक्षा दिली. या कहाण्यांतून निवडून 'मालक आणि गडी' अशा अर्थाच्या नावाचं एक वेगळं पुस्तक गिझेला श्नायडेविंड यांनी १९६० साली काढलं. जी माणसं कोट घातलेल्यांसमोर तोंड उघडत नव्हती, त्यांनी वोसिडलोंना हे सांगितलं. मालकाच्या वर्गात जन्मलेल्या माणसाला मालकाच्या भुताची गोष्ट सांगितली. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्या कामाला असू शकत नाही.

कापणीच्या रिवाजांवरचं त्यांचं छोटं पुस्तक १९२७ चं. कापणीला सुरुवात झाली की मालक किंवा कुणी परका शेताच्या कडेला आला, तर मजूर बाया त्याच्या दंडाला धान्याच्या ताटांचा किंवा फितीचा बंद बांधतात आणि प्लाटमध्ये चार ओळी म्हणतात. बांधलेल्या माणसाने बक्षिशी देऊन स्वतःला सोडवून घ्यायचं. वर्षातली ही एकच वेळ, जेव्हा मजूर मालकाला बांधतो. शेतात शेवटची ताटं उभी ठेवायची चालही तिकडे फार जुनी. १५९३ साली रोस्टॉकचा एक पाद्री, निकोलाउस ग्रीझे, तिच्यावर चिडून लिहितो की हे लोक शेवटच्या ताटांभोवती जमून वोडे नावाच्या जुन्या देवाला म्हणतात : वोडे, वोडे, तुझ्या घोड्याला चारा घेऊन जा, यंदा काटेकुसळं, पुढल्या साली चांगलं धान्य. मिटवायला म्हणून त्याने लिहिलं आणि त्याच्यामुळेच त्या ओळी टिकल्या. त्याच मुलखात तीनशे वर्षांनी वोसिडलो शेताच्या बांधावर उभे राहिले, ते मात्र ऐकायला.

मग समुद्र. मला त्यांच्या कामाचा हा भाग सगळ्यात जास्त हलवतो. रिबनित्सच्या वरच्या अंगाला फिशलांड नावाची जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिथल्या वुस्ट्रोव गावात १८४६ पासून नौकानयनाची शाळा होती. घराघरात खलाशी, नाही तर कप्तान. शिडांची जहाजं घेऊन ही माणसं जगभर हिंडली. वोसिडलो त्यांच्याकडे जाऊ लागले तेव्हा वाफेने शिडांना हटवलं होतं. म्हातारे खलाशी किनाऱ्यावर बसून होते आणि त्यांच्या तोंडात हजारो शब्द होते, ज्यांना लागणारी वस्तूच जगातून उठून गेली होती. दोरांची नावं, गाठींची नावं, वाऱ्यांची नावं. पहाऱ्याची पाळी बदलताना खाली झोपलेल्यांना उठवायची जी हाक होती, तिचे शब्द त्यांनी टिपले : "राइस, क्वार्टिअर, इन गॉट्सनाम." उठा पाळीवाले, देवाचं नाव घेऊन. खलाशांच्या या बोलीचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४० पासून पुढे, पाउल बेकमान यांनी तयार करून प्रसिद्ध केलं, आणि त्याचं नाव हीच हाक आहे.

जे घेतलं ते लोकांना परत देण्याची त्यांची धडपडही विसरता येत नाही. १९०१ साली त्यांनी एक लोकनाट्य छापलं. शेतकऱ्याच्या घरातली हिवाळ्याची एक संध्याकाळ, एवढाच विषय. सूत कातणं, कोडी, गाणी, नाच, थट्टा. गोळा केलेलं सगळं त्यात परत प्लाटमध्ये बोललं जातं. ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्याच मुलांनी ते रंगमंचावर म्हणायचं. घरात जिची लाज वाटायची ती भाषा दिव्याच्या उजेडात आली.

शेवटची सहा वर्षं त्यांनी नाझी राजवटीखाली काढली. 'लोक', 'माती', 'परंपरा' हे शब्द त्या राजवटीने आपल्या गाड्याला जुंपले आणि लोकसंस्कृतीचा अभ्यास त्या काळात मळला. तिथला तो इतिहास झाकून वोसिडलोंबद्दल बोलणं बरोबर नाही. मी इतकंच म्हणेन की चिठ्ठ्या उघडल्या की त्यांत दिसतात ती माणसं : अमुक गावची विणकरीण, तमुक गावचा मेंढपाळ. घोषणेतल्या 'लोक' या शब्दाला चेहरा नसतो. चिठ्ठीच्या कोपऱ्यात गाव आणि माणूस असतो.

आणि शब्दकोश. त्यांचं मुळातलं स्वप्न तेच होतं, मेक्लेनबुर्गच्या बोलीचा पूर्ण कोश. रोस्टॉकचे प्राध्यापक हेरमान टॉयशर्ट यांच्यासोबत त्याचा पहिला भाग १९३७ साली निघाला. तेव्हा वोसिडलो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दोन वर्षांनी ते गेले. मग महायुद्ध, मग देशाची फाळणी, पूर्व जर्मनीचं राज्य आलं, ते राज्यही संपलं. कोशाचं काम चालूच राहिलं. १९७२ साली टॉयशर्टही गेले. सातवा आणि शेवटचा खंड बाहेर आला १९९२ साली. एका मास्तराने बांधावर ऐकलेला शब्द छापील पानावर पोचायला शंभर वर्षं लागली, आणि त्या शंभर वर्षांत तो शब्द चिठ्ठीवर सुखरूप होता.

आपल्याकडे या कामाचे भाऊबंद आहेत. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यांतल्या कार्यकर्त्या बायांना सोबत घेऊन लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि प्रत्येक ओवीला बाईचं नाव आणि गाव जोडलं. ते वाचलं तेव्हा मला वारेनचे मास्तर आठवले. आणि एक जर्मन तर थेट आपल्याच रानात येऊन बसला. उल्म गावी १९३४ साली जन्मलेले ग्युंटर सोन्टहायमर. पुण्यात कायदा शिकायला आले आणि धनगरांच्या मागे गेले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्यांनी धनगरवाड्यांत बसून ऐकल्या, मराठीत ऐकल्या. १९९२ साली, त्या कोशाचा शेवटचा खंड निघाला त्याच वर्षी, ते गेले. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. पण बसण्याची रीत एकच : जमिनीवर, समोरच्याच्या भाषेत.

वेळ झाली आहे, मला कल्पना आहे. एक विनंती करून थांबतो. बाहेर दाराजवळ टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. तुमच्या आईच्या, आजीच्या, शेतावरच्या गड्याच्या तोंडी असलेला, आणि तुम्हाला बाहेर कुठे ऐकू न आलेला, एक शब्द किंवा एक ओळ लिहा. तो ज्या उच्चारात ऐकला त्याच उच्चारात लिहा, शुद्ध करू नका. खाली गावाचं नाव, आणि तो कुणाच्या तोंडून ऐकला ते. मघाशी आत येताना पहिल्या रांगेतल्या एक आजी मला म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही." आजी, तुम्ही बसून राहा. लोक गेले की मी तुमच्याकडे येतो. माझ्या आईची ती ओवी मी म्हणेन, आणि दुसऱ्या ओळीला मी अजूनही अडखळतो.